कोरियन भाषेतील देहनिष्ठ भावोक्ती

अवयवाचे नाव आणि त्या अवयवाच्या ठायी घडणारा विकार यांच्या संयोगाने भावना सांगणाऱ्या वाक्प्रचारास येथे 'देहनिष्ठ भावोक्ती' म्हटले आहे. तिचे घटक दोन : अधिष्ठान म्हणजे अवयव, आणि विकार. कोरियन भाषेत भावनेचा निश्चय मुख्यतः विकाराने होतो, हा येथील सिद्धान्त आहे.

या भावोक्तींचे दोन वर्ग पडतात. पहिल्यात विकार प्रत्यक्ष जाणवतो : गहिवर आला की नाकाचा शेंडा झिणझिणतो, उत्कंठेत मुठीत घाम धरला जातो. येथे लक्षणच भावनेची खूण होते. दुसऱ्या वर्गातील विकार मात्र कोणी पाहिलेला नसतो. 'गान' म्हणजे यकृत. ते मोठे असणे म्हणजे धाडस. सुजणे म्हणजे अविचारी धाडस. दाण्याएवढे होणे म्हणजे गर्भगळीत होणे. गळून पडणे म्हणजे दचकणे. अधिष्ठान एकच, परिमाण किंवा स्थान पालटताच अर्थ पालटतो. 'सोक' म्हणजे अंतर्भाग. तो जळतो तेव्हा काळजी, कुजतो तेव्हा दीर्घ मनस्ताप, थंडावतो तेव्हा सुटकेचे समाधान. चुलतभावाने जमीन घेतली की पोट दुखते, ही कोरियन म्हण तर मराठी वाचकाला उलगडून सांगावी लागत नाही.

यावर पूर्वपक्ष असा : ही अवयवयोजना पूर्वेकडील वैद्यकातून आली असावी. हो जून यांनी १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला 'तोंगुइ पोगाम' हा ग्रंथ ज्या परंपरेतला, तिच्यात यकृताशी क्रोध, फुफ्फुसाशी शोक आणि मूत्रपिंडाशी भय जोडलेले आहे. परंतु बोलीत भयाची जागा यकृत आहे. आणि क्रोधाने उसळते ती 'पुआ', जिचा मूळ अर्थ फुफ्फुस. म्हणून हा पक्ष जसाच्या तसा टिकत नाही. तो सर्वस्वी त्याज्यही नाही. 'पिवि', म्हणजे प्लीहा व जठर, ही जोडी वैद्यकातलीच. ती दुखावणे म्हणजे किळस येणे वा मन बिथरणे, आणि ती सांभाळणे म्हणजे एखाद्याची मर्जी राखणे. भाषेने वैद्यकाची संज्ञा घेतली, कोष्टक घेतले नाही.

दोन्ही वर्गांच्या सीमेवर 'कासुम', म्हणजे छाती, आहे. छाती कोंडल्याची तक्रार वैद्यापुढे आणि मैत्रिणीपुढे एकाच शब्दांत करता येते. हे अधिष्ठान सर्वांत विचारार्ह, कारण येथे उक्ती आणि व्याधी यांची सीमा पुसट होते. वर्षानुवर्षे गिळलेल्या रागाने जडणाऱ्या व्याधीला 'ह्वाब्यंग' म्हणतात : छातीत गोळा, अंगात उष्णतेच्या लाटा, वारंवार सुस्कारे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेने परिशिष्टात तिची नोंद घेतली.

उरते वाक्यरचना. 'मी' वाक्याचा विषय असतो आणि छाती कर्ता : शब्दशः 'मी तर, छाती दुखते'. असे निःशंक विधान वक्ता स्वतःपुरतेच करतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना त्याच धातूला 'हादा' जोडून दिसणारे वर्तन सांगावे लागते, किंवा अनुमानदर्शक रूप योजावे लागते. कादंबरीतील सर्वज्ञ निवेदकाला तेवढी या नियमातून मोकळीक आहे.