यंत्रावरील पाटी : जन्म आणि चरित्र

मूर्तिजापुराहून दर्यापूरमार्गें अचलपुरास जाणाऱ्या अरुंद लोहमार्गावर ज्या वाफेच्या इंजिनानें सुमारें सत्तर वर्षें आगगाडी ओढली, तें मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालें, १९२३ सालीं कामास लागलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें. कारखान्यांतील साल निराळें, सेवेचें साल निराळें. यंत्रावरील पाटी वाचणारास वऱ्हाडांतील हा दाखला उपयोगी पडेल. कारण पाटी जन्माची नोंद करते, चरित्राची नव्हे.

दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी मालमोटारींच्या बाबतींत हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. कॅनडांतील फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनीं ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठीं समान आराखड्याच्या सुमारें चार लाख मालमोटारी तयार केल्या. अखंड मोटार जहाजांत फार जागा अडविते. म्हणून पुष्कळ मोटारी सुट्या भागांच्या रूपानें पेटाऱ्यांत भरून परदेशीं धाडल्या गेल्या. मुंबईंत त्यांच्या जुळणीची सोय युद्धापूर्वींच होती. फोर्डची हिंदी कंपनी १९२६ सालीं निघाली. शिवडीस जनरल मोटर्सच्या कारखान्यांत १९२८ पासून मोटारी जोडल्या जात होत्या.

आतां अशा मोटारीची पाटी वाचावयाची कशी? ‘सी ६० एल’ हें नांव घेऊं. ‘सी’ म्हणजे जनरल मोटर्सची शेव्हरोले. फोर्ड असती तर ‘एफ’ आलें असतें. आंकडा वाहून न्यावयाच्या भाराचा, हंड्रेडवेटमध्यें. एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचें. तेव्हां साठ म्हणजे तीन टन. ‘एल’ म्हणजे लांब सांगाडा : पुढल्या व मागल्या आंसांत १५८ इंचांचें अंतर. ‘एस’ असल्यास तेंच अंतर सुमारें १३४ इंच. पंधराच्या आंकड्यापुढें ‘ए’ आल्यास चारही चाकांना इंजिनाची गति मिळते असें समजावें.

येथपर्यंत पाटी विश्वासू साक्षीदार आहे. पुढें मात्र सावध राहावें लागतें. पाटीवर साल असेल तर तें कारखान्याचें. पेटारे बंदरांत उतरून मोटार रस्त्यावर येईपर्यंत किती काळ लोटला, हें त्यावरून कळत नाहीं. पाटीवरील इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशीं जुळला नाहीं, तर पाटी खोटी ठरत नाहीं; बहुधा मध्यंतरीं इंजिन बदललें गेलें, एवढाच त्याचा अर्थ. अशी विसंगति हीच कित्येकदां त्या मोटारीच्या आयुष्याची एकमेव खूण असते.

याहून बोधप्रद उदाहरण ‘टाटानगर’ या नांवानें ओळखल्या गेलेल्या चिलखती गाडीचें. सांगाडा कॅनडाचा, चिलखत जमशेदपूरच्या टाटा पोलादाचें. अशा साडेचार हजारांवर गाड्या हिंदुस्थानांत तयार झाल्या आणि उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत वापरल्या गेल्या. केवळ सांगाड्याची पाटी वाचणारा मात्र त्यांस कॅनडाच्याच म्हणेल!

१९५० नंतरच्या दशकांत या दोन्ही विदेशी कंपन्यांनीं मुंबईंतील जुळणी थांबविली. ज्या कामगारांनीं पेटारे फोडून, भाग ओळखून, एकेक आंस आणि चाक बसवून त्या गाड्या चालत्या केल्या, त्यांची नोंद कॅनडांतील पाटीवर असणें शक्यच नव्हतें. जन्मपत्रिकेंत जन्माची वेळ सांपडते. कर्तृत्व सांपडत नाहीं. म्हणून पाटी वाचून झाल्यावर इतिहासकारानें बंदराच्या, कारखान्याच्या आणि पलटणीच्या नोंदींकडे वळावें. हिंदी कामगारांच्या हातांचा वांटा कोठें मिळाला तर तेथेंच मिळेल.