भाडेपट्ट्यावरची आगगाडी

वऱ्हाडचा इतिहास चाळू लागले, की पावलोपावली भाडेपट्टा आडवा येतो. १८५३ साली निजामाने हा काळ्या मातीचा मुलूख थकलेल्या कर्जापोटी इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढल्या पंधरा वर्षांत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी अडीच फुटी रुळांची आगगाडी धावू लागली.

हेतू उघड होता. मूर्तिजापुरावरून जाणारा मुंबईचा लोहमार्ग १८६७ सालीच नागपूरला भिडला होता. पण आतल्या तालुक्यांतला कापूस बैलगाडीनेच तिथवर यायचा. म्हणून हे दोन फाटे काढले. एक दारव्हा-कारंजावरून यवतमाळला, दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला. मिळून जवळजवळ एकशे नव्वद किलोमीटर. कापसाच्या गाठी मँचेस्टरला जायच्या आणि मँचेस्टरचे इंजिन इकडे यायचे. १९२१ साली तिथे घडलेले असे एक इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत इथे धापा टाकीत होते! मग डिझेल आले.

रूळ किलिक निक्सन या इंग्रजी पेढीने काढलेल्या कंपनीचे, गाडी चालवणारी रेल्वे दुसरीच. देश स्वतंत्र झाला, १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, तरी हे रूळ कंपनीचेच राहिले आणि सरकार त्यांचा मोबदला देत राहिले. ज्याची मालकी त्याला प्रवासी ठाऊक नाही, आणि जो चालवतो त्याला परक्याच्या रुळांवर पैसा ओतायची हौस नाही. रूळ झिजले, वेग इतका उतरला की सायकलवाला पुढे जाई. शेवटी शेवटी गार्डच तिकिटे फाडी आणि फाटकही लावी.

कापूस केव्हाच ट्रकवर चढला होता. गाडीत उरली ती माणसे: मजुरीला निघालेल्या बाया, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणारे शेतकरी, कारंजाला नरसिंह सरस्वतींच्या दर्शनाला जाणारे भाविक. एस.टी.चे भाडे ज्यांना जड, त्यांची ही गाडी. त्यांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. नाव कोणी का ठेवले असेल ते असो. जन्म देणारी एक आणि वाढवणारा दुसराच, ही गोष्ट तिला चपखल लागू पडते खरी.

२०१० नंतरच्या दशकात दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या थांबल्या. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून मोर्चे निघाले, निवेदने गेली. ती देणाऱ्यांचे नाव मात्र त्या साऱ्या करारांत कुठल्याच रकान्यात नव्हते.