घराची नाडीपरीक्षा

मूल आजारी पडलें म्हणजे वैद्य त्याची नाडी पाहतो. तें ज्या घरांत वाढतें त्या घराची नाडी पाहावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु असा एक रोग आहे कीं, त्याचें अर्धें निदान मुलाच्या शरीरांत आणि अर्धें दाराखिडक्यांच्या चौकटींवर करावें लागतें. घराच्या रंगांतून मुलांना होणारी शिशाची विषबाधा हा तो रोग. त्याचें कारण सव्वाशें वर्षांपूर्वींच उघडकीस आलें. त्यावरून योग्य तो धडा घेण्यास मात्र जगाला फार विलंब लागला.

शिसें हा रंगाऱ्याचा जुना सोबती. सफेता, म्हणजे शिशापासून केलेली पांढरी भुकटी, जवसाच्या तेलांत खलली कीं लाकडाला घट्ट धरून राहणारा टिकाऊ रंग तयार होतो. आपल्या मारुतीच्या मूर्तीला चढणारा शेंदूर हेंहि शिशाचेंच तांबडें रूप. सफेत्यांत काम करणाऱ्यांना पोटशूळ उठतो, त्यांचीं मनगटें लुळीं पडतात, हें वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होतें. पण तो धंद्याचा रोग. रंगविलेल्या घरांत नुसतें राहणाऱ्यास त्याचें भय नाहीं, अशी समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत बसला. तेथील ब्रिस्बेन शहराचे डॉ. जेफरिस टर्नर, डॉ. लॉकहार्ट गिब्सन व त्यांचे सहकारी यांनीं १८९२ सालीं मुलांमधील शिशाच्या विषबाधेची हकीकत प्रसिद्ध केली. रोग ओळखला गेला. पण विष येतें कोठून हें कळेना. गिब्सन हे नेत्रवैद्य होते. रोग्याचे डोळे तपासणाऱ्या या गृहस्थानें अखेर आपली दृष्टि रोग्याच्या घराकडे वळविली. तेथील घरें लाकडी, त्यांना प्रशस्त व्हरांडे, आणि मुलांचा खेळ बहुधा त्या व्हरांड्यांतच चाले. प्रखर उन्हानें कठड्याचा रंग जीर्ण होऊन त्याची भुकटी होई. ती मुलांच्या ओल्या हातांना चिकटे, आणि बोटें चोखतांना, नखें कुरतडतांना पोटांत जाई. १९०४ सालीं गिब्सन यांनीं रंगविलेले कठडे व खोल्यांच्या रंगविलेल्या भिंती यांवर हा आरोप स्पष्ट शब्दांत ठेवला.

त्यानंतर अठरा वर्षांनीं, १९२२ सालीं, क्वीन्सलँडनें कायदा करून मुलांचा हात पोहोंचेल अशा जागीं शिसेयुक्त रंग लावण्यास मनाई केली. एक वर्ष आधीं जिनीव्हा येथें घरांच्या अंतर्भागांत सफेता वापरूं नये असा आंतरराष्ट्रीय करार झाला होता; पण त्याच्या कर्त्यांपुढें रंगारी होता, मूल नव्हतें. विलंबाची किंमत पुढें कळली. १९१५ ते १९३५ या काळांत ब्रिस्बेन येथें शिशाची बाधा झालेल्या ४०१ मुलांचा डॉ. हेंडरसन यांनीं मागोवा घेतला, व त्याची हकीकत १९५४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १६५ जण मृत्यु पावले होते, आणि त्यांतील १०८ जणांच्या मृत्यूचें कारण मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब हें होतें. लहानपणीं चाटलेली धूळ ऐन तारुण्यांत प्राणावर बेतली.

अमेरिकेंत हाच पाठ नव्यानें गिरवावा लागला. १९४३ सालीं बोस्टनच्या डॉ. बायर्स व डॉ. लॉर्ड यांनीं, शिशाच्या बाधेंतून बरीं झालेलीं म्हणून घरीं धाडलेलीं २० मुलें पुन्हां तपासलीं, तों त्यांतील १९ शाळेंत मागें पडलेलीं आढळलीं. बाल्टिमोर शहरानें १९५१ सालीं घरांच्या आंतून शिसेयुक्त रंग लावण्यास बंदी केली. सबंध देशांत घरगुती रंगांवर बंदी येण्यास १९७८ साल उजाडलें. शिवाय नव्या रंगावरील बंदीनें जुन्या भिंती शुद्ध होत नाहींत. पुष्कळ काळ रीत अशी होती कीं, आधीं मुलाच्या रक्तांत शिसें सांपडावें आणि मग अधिकाऱ्यानें घर पाहण्यास जावें. म्हणजे घराचा दोष उघड करण्याचें साधन मूलच! आणि एकदां झालेली बुद्धीची हानि औषधानें भरून येत नाहीं.

हा क्रम उलटविण्याचा निश्चय १९९२ सालच्या अमेरिकन कायद्यांत दिसतो. मूल आजारी पडण्याची वाट न पाहतां घराचीच परीक्षा करावी, हें त्याचें सूत्र. परीक्षक क्ष-किरणांचें लहानसें यंत्र भिंतीला टेकवून वरच्या थरांखालीं दडलेलें शिसें मोजतो; ओल्या फडक्यानें जमिनीच्या ठराविक भागावरील धूळ पुसून प्रयोगशाळेंत धाडतो; अंगणांतील माती तपासतो. खिडकीकडे त्याचें विशेष लक्ष असतें, कारण ती उघडतां-मिटतां लाकडावर लाकूड घांसून बारीक धूळ पडत राहते. अखंड, घट्ट बसलेला रंग आणि पोपडे सुटणारा रंग यांत तो भेद करतो. हा भेद फार महत्त्वाचा; कारण भयानें सारा रंग कोरडाच खरवडून काढणारा मनुष्य भिंतींतील विष स्वतःच्या हातानें घरभर उधळतो.

आपल्याकडे घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. पण तो नियम नव्या डब्याला लागू; जुन्या दाराला नव्हे. आपल्या जुन्या भिंतींना बहुधा चुना लागे, त्यांत हें भय नसे. संशय घ्यावा तो दारें, खिडक्या, गज व कठडे यांवरील जुन्या तेलरंगाचा. दिवाळीपूर्वीं घर रंगवितांना रंगारी हे जुने थर कोरड्या कांचकागदानें घांसतो, आणि मुलें कौतुकानें त्याच्याभोंवतीं जमतात. तेव्हां मुलांना दूर ठेवावें, थर ओले करूनच घांसवावेत, धूळ झाडूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. आणि शक्य तेथें जुन्या रंगाची प्रयोगशाळेंत परीक्षा करवून घ्यावी. शिशाचें अमुक प्रमाण मुलांना निर्धोक असें आजचें वैद्यक मानीत नाहीं. म्हणून घराची परीक्षा व्हावयाची ती मूल आजारी पडण्यापूर्वीं व्हावी. ब्रिस्बेनच्या त्या मुलांनीं हें ज्ञान आपल्याला फार मोठी किंमत देऊन मिळवून दिलें आहे.