होयसळांची यादवी

बंगळूरच्या मराठी माणसाशी इतिहासाच्या गोष्टी निघाल्या की बोलणे हटकून शहाजीराजांवर येऊन थांबते. इ. स. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीबरोबर राजे येथे आले आणि येथेच त्यांनी बिऱ्हाड मांडले, या घटनेचा अभिमान आम्हांसही आहे. कोणी थोडा अधिक मागे गेला तर १५३७ सालच्या केंपेगौडाच्या किल्ल्यापर्यंत पोहोचतो. त्यापलीकडे मात्र सारे रान होते, असाच बहुतेकांचा समज दिसतो. वीर बल्लाळ राजा शिकारीच्या नादात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्या दाण्यांवरून गावास नाव पडले, ही दंतकथा तेवढी सर्वांस पाठ असते. बेगूरच्या नागेश्वर देवळातील, इ. स. ८९० च्या सुमाराच्या एका वीरगळावर 'बेंगळूरु'च्या लढाईचा उल्लेख आहे. बल्लाळाच्या तीनशे वर्षे आधी हे नाव चालू होते आणि ते आपल्यापुढे प्रथम येते ते एका लढाईच्या निमित्ताने, हे सांगितले म्हणजे श्रोत्यांचा चेहरा किंचित पडतो.

आम्ही येथे सांगणार आहोत ती हकीकत त्या दोहोंच्या मधली, तेराव्या शतकातील आहे. बंगळूरच्या आसपासची गावे तेव्हा एकाच राजघराण्याच्या दोन शाखांत विभागली गेली आणि पन्नास वर्षांच्या आत पुन्हा एक झाली. इंग्लंडात १४५५ ते १४८५ पर्यंत लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांत चाललेल्या गुलाबांच्या युद्धाची माहिती आपल्या शिकलेल्या माणसास असते. घरापासून चाळीस किलोमीटरांच्या आत झालेल्या या भाऊबंदकीची मात्र नसते.

घरातल्या घरात होणाऱ्या युद्धास मराठीत आपण 'यादवी' म्हणतो. प्रभासक्षेत्री श्रीकृष्णाच्या डोळ्यांदेखत यदुकुलाने आपलाच संहार केला, त्यावरून हा शब्द आला. दोरसमुद्राचे होयसळ आणि देवगिरीचे यादव ही दोन्ही राजघराणी स्वतःस यदुवंशीय म्हणवीत आणि द्वारावतीच्या स्वामित्वाचे बिरुद दोघांच्याही लेखांत आढळते. तेव्हा होयसळांच्या घरात जे झाले त्यास 'यादवी' हा शब्द अक्षरशः लागू पडतो, आणि त्याच सुमारास देवगिरीस जे झाले त्यासही.

होयसळ राजा सोमेश्वर याने आयुष्याचा मोठा भाग आपल्या राजधानीपासून, म्हणजे आजच्या हळेबीडपासून दूर, कावेरीच्या काठी काढला. श्रीरंगमच्या उत्तरेस कण्णनूर येथे त्याने दुसरी राजधानी वसविली. चोलांची सत्ता उतरणीस लागली होती, पांड्य डोके वर काढीत होते, आणि दोघांशीही नातेसंबंध असलेला सोमेश्वर दोघांनाही ताब्यात ठेवण्याच्या खटपटीत होता. त्याला दोन राण्यांपासून दोन पुत्र झाले. बिज्जळराणीचा पुत्र नरसिंह आणि चालुक्य कुळातील देवलादेवीचा पुत्र रामनाथ. १२५४ च्या सुमारास राज्याची वाटणी झाली. दोरसमुद्र आणि कन्नड मुलूख नरसिंहाकडे गेला. कण्णनूर, तामिळ मुलूख आणि कोलारकडील पूर्वेचा पट्टा रामनाथाकडे आला. नरसिंह तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता.

या वाटणीबद्दल इतिहासकार सोमेश्वरास बहुधा दोष देतात. राज्य तोडून त्याने घराण्याच्या नाशाचे बी पेरले, असा त्यांचा सूर असतो. आम्हांस हा दोष पुरता पटत नाही. हळेबीड ते कण्णनूर हे अंतर त्या काळी सैन्यासह आठवड्यांचे होते. दोन भाषा, दोन प्रकारची जमीनव्यवस्था आणि दोन दिशांचे शत्रू असलेले राज्य एका दफ्तरातून चालविणे किती दुर्घट असते, हे सरकारी कचेरीत बसणाऱ्यास तरी निराळे सांगावयास नको. शिवाय वाटणी झाली म्हणून भाऊ लगेच एकमेकांवर धावून गेले असेही नाही. पहिली कित्येक वर्षे दोघे आपापल्या घरी नांदले असे दिसते. वाटणीनंतर चौथ्याच वर्षी, १२५८ मध्ये, नरसिंहाच्या सोमनाथ दंडनायकाने सोमनाथपूरचे केशवमंदिर उभे केले. ज्या राज्याच्या सेनापतीस असे मंदिर बांधण्याची उसंत आणि पैसा मिळतो, ते राज्य भाऊबंदकीने पोखरलेले होते असे कसे म्हणावे?

संकट आले ते बाहेरून, आणि दोन्ही बाजूंनी आले.

उत्तरेकडील संकटाचे नाव देवगिरी. देवगिरीचा राजा कृष्ण वारला तेव्हा त्याचा पुत्र रामचंद्र लहान होता, म्हणून कृष्णाचा भाऊ महादेव १२६१ मध्ये गादीवर आला. महादेवानंतर रिवाजाप्रमाणे राज्य रामचंद्राकडे परतावे अशी अपेक्षा असणार. परंतु महादेवाचा पुत्र आम्मण राजा झाला. तेव्हा १२७१ मध्ये रामचंद्र आणि त्याचे साथीदार नटांच्या मेळ्याच्या वेषात देवगिरीच्या गडावर शिरले आणि त्यांनी आम्मणास पकडले. त्याचे डोळे काढण्यात आल्याचे महानुभावांच्या परंपरेत सांगितले जाते. ज्या राजाच्या छायेत ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तो हाच रामचंद्र, अर्थात आपला रामदेवराव. शाळेच्या पुस्तकांतून ही नटांची गोष्ट सहसा गाळलेली असते.

यात आमचे लक्ष विशेष वेधले ते साळुव टिक्कम या सेनापतीने. रामचंद्राच्या आज्ञेने त्याने १२७६ मध्ये दोरसमुद्रावर चाल केली. राजधानीजवळ बेळवाडीस त्याचा तळ पडला. एप्रिल १२७६ मध्ये तेथे लढाई झाली आणि नरसिंहाच्या माणसांनी यादवसेनेस परत हटविले. होयसळांचे लेख हा आपला निर्विवाद विजय सांगतात. यादवांचे लेख टिक्कमाने हत्ती-घोडे लुटून आणल्याचे सांगतात. दोन्ही बाजूंस थोडेथोडे खरे असावे. परतीच्या वाटेवर टिक्कमाने हरिहर येथे नारायणाचे देऊळ उभारले, ते महादेवरायाच्या स्मरणार्थ. ज्या महादेवाच्या मुलास पदच्युत करून रामचंद्र गादीवर आला, त्याच महादेवाचे स्मारक रामचंद्राचा सेनापती उभारतो! राजे बदलले तरी अधिकारी जागेवर राहतात आणि जुन्या धन्याचे मीठ विसरत नाहीत. हेमाद्रीही दोन्ही राजांच्या पदरी होताच. यादवीत गादी फिरते तेव्हा दफ्तर किती थोडे हलते, याचे हे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते.

दक्षिणेकडील संकट याहून दारुण ठरले. सोमेश्वर पांड्यांशी लढतानाच १२६२ च्या सुमारास पडला होता. पुढे १२७९ मध्ये मारवर्मन कुलशेखर पांड्याने रामनाथ आणि शेवटचा चोल राजा तिसरा राजेंद्र या दोघांचा पाडाव केला. चोलवंश तेथे संपला. रामनाथाचे कण्णनूर गेले, तामिळ मुलूख गेला. जवळजवळ पंचवीस वर्षे राज्य केलेला हा राजा आता हातचे सैन्य आणि पदरची माणसे घेऊन घाट चढून वर आला. वर जमीन होती ती भावाची.

होसूरपासून जवळच असलेल्या कुंदाणी येथे रामनाथाने आपले नवे ठाणे केले, आणि तेथून कोलार, बंगळूर, तुमकूर या भागांतील गावे तो घेत गेला. खरी यादवी येथून सुरू झाली. म्हणून तिचे मूळ १२५४ च्या वाटणीत शोधण्यापेक्षा १२७९ च्या पराभवात शोधावे, असे आमचे मत आहे. वाटणीने रामनाथास राज्य दिले होते. पराभवाने त्याच्याजवळ केवळ राजेपण उरले. असा राजा भावाच्या दारी आश्रित म्हणून राहील ही अपेक्षा त्या काळी कोणी केली नसती.

या युद्धाची मोठी रणे कोणी वर्णन करून ठेवली नाहीत. ते युद्ध गावागावांतून झाले. आज तमक्या गावचा सारा दोरसमुद्रास जातो, उद्या कुंदाणीस. गावच्या गौडाने कोणाचे नाव घ्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शिलालेखांत सापडते, कारण देवळास दान देताना त्या घडीच्या राजाचे नाव घालावेच लागे. म्हैसूर संस्थानचे पुराभिलेखतज्ज्ञ बी. एल. राइस यांनी १९०५ मध्ये 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे बंगळूर आणि कोलार जिल्ह्यांचे खंड प्रसिद्ध केले. ते चाळताना कोठे नरसिंह, कोठे रामनाथ, अशी नावे येतात, आणि त्यांवरून सीमा कशी सरकत होती याचा अंदाज करता येतो. आपल्या शहरातच दोमलूर येथे चोक्कनाथाचे देऊळ आहे. तेथील लेख तामिळ आहेत, आणि १२९० च्या सुमाराच्या एका लेखात पोयसळ वीर रामनाथाने तोम्मलूरच्या, म्हणजे दोमलूरच्या, उत्पन्नातून देवास दिलेल्या दानाची नोंद आहे. दोमलूरच्या रस्त्यांवरून रोज लाखो माणसे जातात. येथे कधी कुंदाणीचा अंमल होता, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? या शहरात तामिळ भाषा केव्हा आली, यावर अधूनमधून कडवट वाद होतात. वाद घालणाऱ्यांनी एकदा त्या देवळाच्या भिंतीशी उभे राहावे.

भाऊ भावास शेवटपर्यंत जिंकू शकला नाही. नरसिंहानंतर १२९२ मध्ये त्याचा पुत्र तिसरा बल्लाळ गादीवर आला. १२९५ मध्ये रामनाथ वारला. त्याचा पुत्र विश्वनाथ थोडी वर्षे टिकला, आणि १३०० च्या सुमारास सारे राज्य बल्लाळाच्या हाती एक झाले.

पुढे बल्लाळाने जे केले ते आमच्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे कृत्य होय. १३०१ मध्ये त्याने कुंदाणीच्या राज्यातील नाडूनाडूंच्या मठाधिपतींस आणि देवस्थानांच्या व्यवस्थापकांस उद्देशून एक आज्ञा काढली. कोलार, कैवार, मुरसुनाडू अशी या प्रदेशांची नावे तीत आहेत. देवस्थानांच्या जमिनींवरील निरनिराळे कर आपण माफ केले आहेत. ते उत्पन्न पूजाअर्चेकडे लावावे, सुखाने राहावे, आणि आपल्या व आपल्या राज्याच्या उत्कर्षासाठी प्रार्थना करावी, असा तिचा आशय. आजच्या भाषेत हे परिपत्रकच. त्याच मजकुराच्या प्रती अनेक गावांत दगडावर कोरलेल्या सापडतात. काल चुलत्याचे नाव घेणाऱ्या गावांस त्याने जाब विचारला नाही. राजनिष्ठेचे शपथपत्र मागितले नाही. कर सोडला आणि नाव घेण्यास सांगितले.

दुर्दैव असे की हाच बल्लाळ दुसऱ्याच्या यादवीचा फायदा घेण्याचा मोह आवरू शकला नाही. १३१० मध्ये कुलशेखर पांड्याचा खून झाला आणि त्याचे पुत्र सुंदर व वीर गादीसाठी झगडू लागले. बल्लाळ सैन्य घेऊन दक्षिणेत उतरला. इतक्यात फेब्रुवारी १३११ मध्ये मलिक काफूर दोरसमुद्रावर येऊन थडकला. त्याच्या फौजेस वाट दाखविण्याची आणि रसद पुरविण्याची व्यवस्था आपल्या रामदेवरावानेच केली होती. बल्लाळ धावत परतला, परंतु त्यास शरण जावे लागले. त्याच्या पुत्रास दिल्लीस जावे लागले. तो १३१३ मध्ये परतला.

त्यानंतर तीस वर्षे बल्लाळ झुंजत राहिला. १३४२ च्या सुमारास, ऐंशी वर्षांचा असताना, मदुरेच्या सुलतानाविरुद्ध त्याने वेढा घातला तो कण्णनूरास, म्हणजे आजोबाने वसविलेल्या आणि चुलत्याने गमावलेल्या त्याच गावास. तेथे अचानक झालेल्या हल्ल्यात तो पकडला गेला आणि मारला गेला. त्याचे कातडे पेंढा भरून मदुरेच्या तटावर टांगलेले आपण पाहिले, असे इब्न बतूता लिहितो.

कण्णनूर आज समयपुरम् म्हणून ओळखले जाते, आणि तेथील मारिअम्मनच्या दर्शनास अपार गर्दी लोटते. सोमेश्वराने बांधलेले पोयसळेश्वराचे देऊळही तेथेच आहे. 'पोयसळ' या शब्दाचा अर्थ लोकांच्या स्मरणातून गेला, तेव्हा त्यांनी त्याचे भोजेश्वर असे नाव करून घेतले.