प्रयोग-अभिकल्प व कागदीपुरा

उत्पादनप्रक्रियेतील अनेक घटक ठराविक आराखड्यानुसार बदलून त्यांचा परिणाम तपासण्याच्या पद्धतीस प्रयोग-अभिकल्प म्हणतात. या पद्धतीची गरज पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याच्या व्यवसायावरून स्पष्ट होते.

मुठेलगतच्या या वस्तीत जुन्नरहून आलेली मुस्लिम कागदी कुटुंबे पेशवाईत स्थायिक झाली. दप्तरे व सावकारी वह्या यांसाठी कागदास मोठी मागणी होती. गोणपाट व जुना कागद चुन्यात मुरवून, कुटून व धुऊन लगदा करीत. हौदातील लगद्यातून साच्याने ताव उचलीत. वाळल्यावर त्यांना खळ लावून दगडाने घोटीत. खळीमुळे शाई फुटत नसे.

या पायऱ्या परस्परावलंबी आहेत. चुन्यात नीट मुरलेला तंतू कमी कुटावा लागतो. अतिकुटाईने तो आखूड होऊन ताव लवकर फाटतो. त्यामुळे चुन्याचे प्रमाण ठरल्याखेरीज कुटाईचा योग्य काळ ठरत नाही. एका वेळी एकच घटक बदलल्यास ही आंतरक्रिया ध्यानात येत नाही. कागद्यांना ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने अवगत होती.

गिरणीच्या कागदापुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा धंदा खालावला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदाच्या पुनरुज्जीवनास चालना दिली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी या कृतीचा अभ्यास केला आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली.

याच सुमारास प्रयोग-अभिकल्पाचा सैद्धांतिक पाया घातला जात होता. सर रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांनी रॉथॅमस्टेड येथील शेतीप्रयोगांतून त्याची तत्त्वे मांडली. त्यांचा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. चुना, कुटाई व खळ यांच्या प्रत्येकी दोन पातळ्या घेतल्यास आठ जोड्या होतात. त्या यादृच्छिक क्रमाने तपासल्यास प्रत्येक घटकाचा परिणाम व आंतरक्रिया वेगळ्या काढता येतात. एका घाण्याच्या लगद्याचे ताव वाटून निरनिराळी खळ लावल्यास श्रमही वाचतात. मात्र एकाच घाण्यातील ताव स्वतंत्र प्रयोग मानता येत नाहीत. १९४७ मध्ये सी. आर. राव यांनी मांडलेल्या लंब सारण्यांमुळे अनेक घटकांची तपासणी थोड्या प्रयोगांत शक्य झाली. या सारण्यांचा उद्योगांत प्रसार जपानी अभियंते गेनिची तागुची यांनी केला.

तथापि कोणते घटक तपासावेत, हे सारणी सांगत नाही. ते कारागिराच्या अनुभवातूनच कळते. म्हणून एखादा हस्तव्यवसाय बंद पडल्यास मालाबरोबर पुढील प्रयोगांचा आधारही नष्ट होतो.