मोडण्याची जागा

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, खेळण्यातल्या गाड्यांचा कसला आलाय इतिहास! पण रेडिओवर चालणारी शर्यतीची बगी म्हणजे हातभर लांबीचं खरंखुरं यंत्र आहे. आणि तिच्या इतिहासातला बराच भाग गॅरेजमधल्या लेथवर घडला.

१९७९ साली जपानच्या तामिया कंपनीने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या बग्या आणल्या. १९८३ मध्ये ‘फ्रॉग’ आली, १९८४ मध्ये ‘ग्रासहॉपर’. सुटे भाग घरी जोडायचे आणि गाडी मातीत पळवायची, एवढीच मूळ हौस. पण दोन गाड्या समोरासमोर आल्यावर शर्यत लावल्याशिवाय माणूस राहतो होय? कॅलिफोर्नियात ट्रॅक उभे राहिले. लोकांनी मूळ मोटर काढून कमी वेढ्यांची, जास्त वेगाची मोटर बसवली, आणि गाड्या मोडायला लागल्या.

आता, मोडल्या कुठे ते पाहा. ‘फ्रॉग’मध्ये चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांची टोकं षटकोनी होती. ताकद वाढली की कोपरे झिजून गोल व्हायचे. मोटर फिरते आहे आणि गाडी जागेवर! मग लेथवाल्यांनी कडक पोलादाचे दांडे कातले. दांडा टिकला, पण ताण कुठे जाणार? तो पुढच्या दुबळ्या जागी गेला : गिअरच्या दातांवर, डिफरन्शियलवर, बेअरिंगच्या बैठकीवर. म्हणजे नवा भाग बसवला की मोडण्याची जागा सरकते. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्याच्यावर उभा आहे.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच असोसिएटेड कंपनीने ‘आरसी १०’ काढली. रचनाकार रॉजर कर्टिस. ही मंडळी स्लॉट कारच्या शर्यतींतून आलेली, त्यामुळे ट्रॅकवर काय मोडतं हे त्यांना पाठ होतं. चेसिस सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची, शॉक ॲब्सॉर्बर तेलाचे.

शॉकचं काम समजून घेऊ. नळीत तेल, तेलात बारीक भोकं असलेला पिस्टन. तेल भोकांतून जायला वेळ लागतो, म्हणून उडी मारून आलेली गाडी पुन्हा उसळत नाही. पण नळी आतून एका टोकाला जरा मोठी निघाली, तर तेल पिस्टनच्या कडेने निसटतं आणि चारही चाकं वेगवेगळी वागतात. लेथवरचा हात इथे दिसतो.

आणि गंमत अशी, की याच गाडीचे सस्पेन्शनचे हात नायलॉनचे होते. धातूचे का नाहीत? कारण नायलॉन धडकेत वाकून परत सरळ होतं. ॲल्युमिनियमचा हात एकदा वाकला की वाकलाच. किंवा तो टिकतो आणि त्याची खीळ जिथे बसली आहे ती जागा फाडतो. कुठे कडक आणि कुठे लवचीक, हे ठरवणं म्हणजे खरी रचना. १९८५ मध्ये डेल मार इथे या मापाच्या ऑफ-रोड बग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यात टू-व्हील ड्राइव्ह गटात जे हॅल्सी ‘आरसी १०’वरच जिंकला.

पुढे दांड्याला चाकाच्या बाजूने युनिव्हर्सल जॉइंट देणारे भाग आले. कॅलिफोर्नियाच्याच एमआयपी या छोट्या कंपनीचे असे भाग फार गाजले. सुरुवातीला हे वेगळे विकत घ्यावे लागत. हळूहळू अशा गोष्टी मूळ किटमध्येच येऊ लागल्या. मोठ्या कंपन्यांची आणि विजेत्यांची नावं राहिली. पण रात्री गॅरेजमध्ये पहिला दांडा कातणाऱ्या कितीतरी जणांची कुठे नोंद नाही. त्यांचं काम मात्र आजही प्रत्येक डब्यात असतं.

म्हणून, तुमच्यापैकी कुणी गाडीसाठी चकचकीत धातूचा भाग घ्यायला किंवा कातायला निघालात, तर आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : हा टिकला, तर आता मोडणार काय?