एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या

गेल्या महिन्यात भाचा आला. "मामू, एक इकोस्पोर्ट बघितलीय. २०१४ची, डिझेल. मीटरवर फक्त ५८ हजार. तुम्ही एकदा येऊन बघा."

मी उर्दू-मराठीचा मास्तर. बॉनेटखालचं मला काय कळणार? पण वडीलधारं माणूस सोबत असलं की डीलर जरा नीट बोलतो, असा घरात समज आहे. गेलो. गाडी धुऊन-पुसून चकाचक होती. बसायच्या आधी माझी नजर क्लचच्या पेडलवर गेली. त्याच्या रबरावरच्या रेघा पुसट होऊन ते गुळगुळीत झालं होतं. डिझेल गाडी घेणारा माणूस ती वर्षाला जेमतेम साडेपाच हजार किलोमीटर चालवेल, हेही पटेना.

रात्री ब्लॅकबर्नच्या मामेभावाशी बोलताना विषय निघाला. तो हसला. त्याच्याकडे तीच गाडी, त्याच सालची. त्याने फोनवर सरकारी संकेतस्थळ उघडलं, आपल्या गाडीचा नंबर टाकला आणि सगळी कुंडली मला वाचून दाखवली. २०१७ला पहिली परीक्षा, पास; पण पुढचे टायर झिजत आल्याची सूचना. २०१९ला नापास : एका टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी, मागच्या नंबरप्लेटचा दिवा बंद. २०२०ला करोनामुळे सरकारने सहा महिन्यांची सवलत दिली, म्हणून तारीख पुढे सरकलेली. २०२२ला पुन्हा नापास, पुढच्या लोअर आर्मचं बुश गेलेलं. आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या दिवशीचं मीटर. दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर : तिथे बहुतेक गाड्या याच चार गोष्टींत अडकतात.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या वर्षांत ब्रिटनमध्ये विकली जाणारी इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या मराईमलाईनगरच्या कारखान्यातून जहाजाने जात होती. भाच्याने बघितलेली गाडी आणि मामेभावाची गाडी एकाच छताखाली जन्मली. एक तिसऱ्या वर्षापासून दरसाल परीक्षेला बसली. दुसरीला अकरा वर्षांत कायद्याने कुणी एकदाही पिटावर घेतलं नाही.

असं का, ते शोधत बसलो.

ब्रिटनमध्ये १९५६च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने सरकारला गाड्या तपासण्याचा अधिकार दिला. प्रत्यक्ष चाचणी सुरू झाली १२ सप्टेंबर १९६० रोजी, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना. तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्या आणि तपासायचं ते ब्रेक, दिवे, स्टिअरिंग. लोक तिला 'दहा वर्षांची चाचणी' म्हणत. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ संपता संपता वयाची अट सात वर्षांवर आणावी लागली आणि १९६७च्या एप्रिलमध्ये तीन वर्षांवर. १९६८मध्ये टायर आले, १९७७मध्ये वायपर, इंडिकेटर, हॉर्न, १९९१मध्ये धूर. ज्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टवरून या चाचणीला 'एमओटी' म्हणतात, ते खातं त्या नावाने १९७०मध्येच संपलं. नाव उरलं, आपल्या मामलेदार कचेरीसारखं.

आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात फिटनेस सर्टिफिकेट होतं, पण बस, ट्रक, टॅक्सी यांच्यासाठी. १९८८च्या कायद्याने तेच चालू ठेवलं. आजही रिक्षावाला गाडी पासिंगला नेतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र सरळ पंधरा वर्षांसाठी होते आणि तोवर फिटनेसचं नाव नाही. मधे पीयूसी लागते, ती धुरापुरती. टायरच्या नक्षीची १.६ मिलिमीटरची मर्यादा आपल्या नियमांतही आहे. मोजतं कोण?

यामागचा विचार मला दिसतो तो असा : भाड्याच्या गाडीतल्या प्रवाशाला ब्रेकची अवस्था माहीत नसते, म्हणून सरकारने बघावं, स्वतःच्या गाडीची काळजी मालक घेईलच. १९३९मध्ये मोटार ठेवणारे मोजके, तेव्हा हे खपून गेलं. गाडी तीन हातांतून चौथ्याकडे जायला लागली की मालकालाही काही माहीत नसतं.

आपल्या परंपरेत बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब असे. अकराव्या शतकात बगदादच्या अल-मावर्दीने राज्यकारभारावरच्या ग्रंथात त्याची कामं सांगितली आहेत. त्यात जहाजावर पेलणार नाही इतका माल भरू न देणं आणि जनावराला झेपेल एवढंच ओझं लादू देणं हेही आहे. जनावर कुणाच्या मालकीचं, भाड्याचं की घरचं, हा प्रश्न तिथे आड येत नाही.

एमओटी म्हणजे गाडी निर्दोष असल्याची सनद, असं मात्र समजू नये. तपासनीस काही खोलून बघत नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था त्या परीक्षेत येतच नाही. याच इकोस्पोर्टच्या एक लिटर पेट्रोल इंजिनाचा टायमिंग बेल्ट तेलात फिरतो. तो झिजला की त्याचे कण तेलाच्या वाटेत अडकतात आणि इंजिन बसू शकतं. असा बेल्ट आत घेऊन गाडी सकाळी चाचणी पास होईल. शिवाय तपासणारं आणि दुरुस्त करणारं गॅरेज बहुधा एकच, त्यामुळे नको ते काम गळ्यात मारल्याची कुरकुर तिथेही असतेच.

तरी माझ्या मते त्या चाचणीची खरी किंमत पास-नापासात नाही, ओळीने उरलेल्या नोंदींत आहे. हदीसचा अभ्यास करणारे मजकुराइतकीच तो सांगणाऱ्यांची साखळी पारखतात : कुणी कुणाकडून ऐकलं, मधे कडी तुटली आहे का. मामेभावाच्या गाडीची साखळी २०१७पासून सलग आहे. तिथे मीटर मागे फिरवलं तर पुढच्या परीक्षेतच आकडा खोटं बोलेल. भाच्याच्या गाडीला डीलर हा एकटाच रावी.

म्हणून आम्ही दुसरी साखळी शोधली. गाडी कुठे सर्व्हिस होत होती ते जुन्या बिलावरून कळलं. तिथे नोंद मिळाली : २०१९च्या सर्व्हिसला ९१ हजार किलोमीटर.

डीलरला कागद दाखवला. तो न गडबडता म्हणाला, "सर, मीटर बदललेलं आहे. सगळेच बदलतात."

भाच्याने विसार दिलेला नव्हता. येताना आम्ही एसटीने आलो.